पोरीच्या छातीतला खड्डा

मी वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दरवाजांवर हात फिरवतो. त्याचाच पगार मिळतो, हसू नका. प्रेसमधून दाबून आलेल्या पत्र्यावर कधी कधी एखादा खड्डा राहतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण रंग लागला की उन्हात चमकतो आणि गिऱ्हाईक बोंबलतं. म्हणून रंगाच्या आधी आम्ही पोरं हातमोजे घालून एकेक दरवाजा चाचपतो. तळहात सरकता सरकता मध्येच जरासा खाली उतरला की समजायचं, इथं गडबड आहे. खडूनं गोल करायचा आणि ओरडायचं, "कुणाच्या शिफ्टचा माल हाय रे हा?" आमच्याकडं खड्ड्यापेक्षा हा प्रश्न मोठा. शिफ्ट कळली की माणूस कळतो आणि माणूस कळला की शिव्या कुणाला घालायच्या ते कळतं.

हे सांगायचं कारण इतकंच, की माझ्या पोरीच्या छातीतला खड्डा मला असाच हाताला लागला, आणि मी घरातही नेमकं हेच ओरडलो.

तेव्हा बायको बाळंतपणाला माहेरी, हर्सूलला होती. पोरगी दोनेक महिन्यांची. पहिली शिफ्ट सुटली की मी मोटारसायकलला किक मारायचो आणि अख्खं शहर ओलांडून सासरी हजर. सासूबाई दार उघडून म्हणायच्या, "या जावईबापू." त्यापुढचं "आज पण?" त्या बोलायच्या नाहीत, पण मला ऐकू यायचं.

बरं, मी एकटा असतो तर त्यांनी चालवून घेतलं असतं. त्यांच्या घरात माझी मायही ठाण मांडून बसली होती. कन्नडकडच्या आमच्या गावाहून जीपनं आली ती नात बघायला, दोन दिवसांसाठी, आणि राहिलीच. सुनेच्या माहेरी सासूनं असं मुक्काम ठोकून राहणं आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. मी एकदा हळूच म्हटलं, "माय, लोक काय म्हणतील?"

"लोकायला नात झालीय का?" माय म्हणाली. "मला झालीय."

झालं. आता आज्या दोन आणि पोरगी एक. सकाळ उजाडली की तेलाची वाटी कुणी उचलायची यावरून घरात पानिपत व्हायचं. शेवटी माझ्या बायकोनं वाटणी करून दिली: सकाळची मालिश आणि अंघोळ आईची, संध्याकाळची मालिश आत्याबाईंची, म्हणजे माझ्या मायची. सासूबाईंचं तिळाचं तेल, मायचं करडईचं. सासूबाई म्हणायच्या, "विहीणबाई, जरा आहिस्ता, लेकराची हड्डी नाजूक असते." माय म्हणायची, "असल्या हातानं पापड तरी लाटला जाईल का?" आणि पोरगी दोघींच्या पायांवर पडून छताकडं बघत बसायची, जणू हा सगळा तमाशा तिच्यासाठीच लावलाय. खरंच होतं म्हणा ते.

या दोघींचं एकमत फक्त एका गोष्टीवर व्हायचं, ते म्हणजे पोरीचा गळा.

पोरगी श्वास आत घ्यायची तेव्हा गळ्यातून एक आवाज यायचा. घुर्रर्र, आणि शेवटी वर चढणारी बारीक शिट्टी. जन्मल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो सुरू झाला. पाठीवर निजली की जास्त, रडली की आणखी जास्त, खांद्यावर उभी धरली की जवळजवळ बंद. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मायनं सगळ्यांना गप्प केलं आणि कान लावून बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आजा आला गं बाई. आज्याचा गळा आला."

माझे वडील गावोगाव भीमगीतं गायचे. दिवसा दुसऱ्याच्या रानात राबायचं, आणि जयंतीचे दिवस आले की हार्मोनियम डोक्यावर घेऊन निघायचं. वरच्या पट्टीत शिरण्याआधी ते असा दम ओढायचे की शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू यावा. तो दम ऐकला की लोक आधीच टाळ्या वाजवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. नातीच्या घशात मायला तोच दम सापडला. सासूबाईंना सुद्धा ते पटलं. जावयाच्या बाजूचं काही त्यांना पटलेलं मी तेवढंच पाहिलं. शेजारच्या बाया यायच्या, पोरगी निजलेली असली तरी माय त्यांना बसवून ऐकवायची. एवढ्यावर थांबली असती तर ती माझी माय कसली? एक दिवस फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हिचा दम यात भर. फोन आला की हाच वाजला पायजे." मी भरला. तेव्हापासून मायचा फोन वाजला की पोरगी श्वास घ्यायची.

तर त्या दिवशी संध्याकाळची मालिश नुकतीच झाली होती. चटईवर पोरगी उघडीच पडली होती, तेलानं चकचकीत. मी हात धुऊन तिच्याशी बोलायला बसलो आणि तिच्या छातीवर तळहात ठेवला. सहज. हात पोटाकडं सरकला आणि मध्येच खाली उतरला.

परत फिरवला. परत उतरला. दोन्ही बरगड्यांच्या मधोमध, छातीचं हाड जिथं संपतं तिथं, वाटाणा बसेल एवढा खड्डा. नव्हता असं वाटायचं आणि पुढच्या श्वासाला असायचा.

माझा स्वभाव असा, की भीती वाटली की मी आधी चिडतो. मी ओरडलो, "कुणाच्या शिफ्टला झाला हा?"

सासूबाई सावकाश म्हणाल्या, "सकाळी नव्हता."

"म्हंजी?" माय उठून उभी राहिली. "म्हंजी म्या केला?"

"मी कुठं म्हटलं? मी म्हटलं, सकाळी नव्हता."

"सकाळी तुम्ही पोरीचं नाक वढून वढून लांब करता, तवा छातीकडं बघायला टाइम तरी असतो का तुम्हाला?"

त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. करडईच्या तेलाचा उद्धार झाला, हर्सूलच्या पाण्याचा झाला, माझ्या लहानपणीच्या हडकुळेपणाचाही झाला. भिंतीवरच्या फोटोतून बाबासाहेब बघत होते. त्यांनी आयुष्यात पुष्कळ भांडणं बघितली असतील, पण तेलावरून बहुधा पहिलंच. बायको पोरीला पाजत होती. शेवटी ती म्हणाली, "तुमचं तिघांचं झालं असेल तर उद्या डॉक्टरला दाखवू या का?" तिचा आवाज चढत नाही. म्हणून तर तो ऐकावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई शहरात बसायच्या. आम्ही चौघं आणि पोरगी, रिक्षात. दोन्ही आज्यांना घरी ठेवायचा विचार मी केला होता, पण तो विचारच राहिला. एक मागं राहिली असती तर दुसरीनं डॉक्टरसमोर तिच्यावर खटला भरला असता.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या बायकोएवढ्याच, केस मागं बांधलेले, बोलणं कमी. पोरगी माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. त्यांनी तिला उठवू दिलं नाही, तशीच खांद्यावर तपासली. आधी काही वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग बरगड्यांवरून बोटं फिरवली.

"मालिश जोरात झाली म्हणून असा खड्डा पडतो का?" मी विचारलं. दोघी आज्यांनी श्वास रोखला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मालिशनं असा खड्डा पडत नाही."

दोघींनी एकदम श्वास सोडला, आणि दोघींच्याही तोंडावर थोडी निराशा दिसली. मी बघितली.

"छातीचा आकार बदललेला दिसला की मी छातीला दोष देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत कोण काय करतंय ते शोधते. बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागल्या तर मुडदूस असू शकतो, हाडं मऊ राहिलेली. डावी बाजू फुगलेली असली तर मी हृदयाकडं बघते. इथं गाठी नाहीत, फुगवटा नाही. हृदयाचे ठोके चांगले आहेत." मग त्यांनी पेन हातात घेतलं आणि बायकोला विचारलं, "दूध पिताना दमते का?"

"थोडी. मध्ये मध्ये थांबते."

"श्वास घेताना काही आवाज येतो?"

"नाही," बायको म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

"छे, छे," सासूबाई म्हणाल्या.

"कायच आवाज नाय," माय म्हणाली. "लई शांत लेकरू हाय."

शपथेवर सांगतो, आमच्यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. आवाज म्हणजे खोकला, कफ, सर्दीची घरघर. पोरीचं जे होतं ते आज्याचं होतं. ते आजारात कोण धरणार?

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. रक्त तपासू, छातीचा फोटो काढू, हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ. फोटो म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा पडला, रक्त म्हटल्यावर मायचा. आणि तेवढ्यात मायच्या पिशवीतला फोन वाजला. गावाहून कुणीतरी विचारायला केला असणार, काय म्हणाला डॉक्टर म्हणून.

घुर्रर्र. आणि वर चढणारी शिट्टी. घुर्रर्र. आणि शिट्टी.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी आधी पोरीकडं पाहिलं. पोरगी झोपलेली. मग पिशवीकडं पाहिलं.

"हे काय वाजतंय?"

"माझा फोन हाय, म्याडम," माय ओशाळून म्हणाली. "बंद करते."

"बंद करू नका. आवाज कुणाचा आहे?"

हा प्रश्न कुणीतरी विचारायची माय वाटच बघत होती. ती ताठ बसली. "नातीचा. हिच्या आज्याचा दम असाच व्हता. ते गाणारे व्हते, म्याडम. हिच्या गळ्यात सूर हाय."

"आणि मी आत्ता विचारलं तेव्हा तुम्ही चौघंही नाही म्हणालात."

मी कारखान्यात एवढी माणसं झाडतो, पण त्या मिनिटाला मला टेबलाखाली जागा आहे का ते बघावंसं वाटलं.

त्यांनी पोरीला खांद्यावरून घेतलं, पाठीवर निजवलं, झबलं वर केलं. पोरगी जागी झाली, वैतागली आणि तिनं आवाज सुरू केला. "आता कानानं ऐका आणि डोळ्यानं बघा," त्या म्हणाल्या. घुर्रर्र झालं की खड्डा पडत होता. श्वास बाहेर आला की खड्डा भरत होता. परत घुर्रर्र, परत खड्डा. दीड महिना आम्ही एकाचं कौतुक करत होतो आणि कालपासून दुसऱ्यावरून भांडत होतो, आणि ती दोन्ही एकच गोष्ट होती.

"कागदाच्या नळीनं घट्ट लस्सी ओढलीत कधी?" त्यांनी विचारलं. "नळी भिजून मऊ झाली की काय होतं?"

"चपटी व्हते," माय म्हणाली.

"हिच्या स्वरयंत्राचा वरचा भाग तसा मऊ आहे असं मला वाटतं. श्वास ओढला की तो आत कोसळतो, वाट अरुंद होते, म्हणून आवाज. हवा पुरेशी मिळावी म्हणून ती जोर लावते. लहान बाळाची छाती लवचीक असते, त्या जोरानं ती आत ओढली जाते. म्हणून खड्डा. छातीत दोष नाही, आजी. छाती बिचारी सांगत होती."

मायनं विचारलं, "म्हंजी गळा नाय तो?"

"गळाच आहे. अजून कच्चा आहे."

त्यांनी आम्हाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी नाकातून बारीक दुर्बिणीची नळी घालून बघितलं आणि तेच निघालं. आवाज काढणारा मऊ पडदा आम्हाला टीव्हीवर दाखवला. पोरगी त्या सगळ्या वेळात इतकी किंचाळली की सासूबाई बाहेर बसून रडल्या. परत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बहुतेक बाळांचं हे वयाच्या दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप जातं, काही करावं लागत नाही. पण मधल्या काळात आवाज आधी वाढेल, घाबरायचं नाही. बघायचं फक्त एक: पोरगी वजन धरते की नाही. श्वास ओढण्यातच सगळी ताकद गेली तर दूध अंगी लागणार नाही. महिन्याभरात वजन वाढलं नाही तर घशाचं ऑपरेशन. ओठ निळे पडले तर तसंच उचलून आणायचं, वेळ बघायची नाही.

घरी जाताना रिक्षात माय एका कडेला बसली होती. हर्सूलच्या जेलच्या भिंतीजवळ आल्यावर तिनं फोन काढून माझ्या मांडीवर टाकला. "काढ ते," म्हणाली. मी तिथंच काढलं. सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, आणि मायनं तो काढला नाही.

त्या रात्रीपासून घरातली हुकूमत बदलली. शेगडीवरची ओव्याची धुरी बंद, कारण धूर श्वासाला चालणार नव्हता. बाळगुटी बंद. दूध थोडं थोडं पण सारखं, आणि पाजून झालं की पोरीला बराच वेळ खांद्यावर उभी धरायची, नाहीतर दूध वर येऊन घसा आणखी सुजतो. आता दोघी आज्यांच्या शिफ्टा खांद्याच्या लागल्या. मालिशवरून कधी वाद झाला होता हे कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. एकीचा खांदा अवघडला की दुसरी म्हणायची, "द्या इकडं, विहीणबाई, तुम्ही पाठ टेका." मी आपला बघत राहायचो. कारखान्यात दोन शिफ्टांमध्ये इतक्या सलोख्यानं कामाची अदलाबदल मी एकदाही पाहिली नाही.

संध्याकाळी माझी शिफ्ट. मी पोरीला खांद्यावर घेऊन हर्सूलच्या तलावाच्या बाजूनं फिरायचो. ती खांद्यावर शांत असायची, पण तिथं ऊन तोंडावर आलं की वैतागायची आणि घुर्रर्र सुरू. लोक वळून बघायचे. एका काकांनी विचारलं, "लेकराला सर्दी झालीय का हो? रुईचं पान गरम करून लावा." दुसऱ्यानं सांगितलं, "छातीचा डबा झालाय, तापल्या सळईनं डाग द्या." डाग द्या म्हणे! मी त्याला म्हटलं, "आधी तुम्हालाच देतो, बघू फरक पडतो का." बायको मागून माझा शर्ट ओढत होती.

मायला धीर नव्हता. तिला रोज वजन कळायला हवं होतं. एकदा म्हणाली, "कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं नवा काटा आलाय."

"आत्याबाई, ती साखर आहे का?" बायको म्हणाली.

"साखरंहून गोड हाय," माय म्हणाली, पण नेलं नाही. नेलं असतं तरी मी आडवा आलो नसतो, खरं सांगतो. माझाही जीव वरखाली होत होता. मी रोज तिला उचलून मनातल्या मनात तोलायचो. काल होती त्यापेक्षा जड वाटली की हुरूप यायचा, आणि हलकी वाटली की जेवण जायचं नाही. रात्री बायको आणि मी पोरीच्या दोन बाजूंना पडून ते घुर्रर्र ऐकायचो. आवाज वाढत चालला होता. वाढणार हे सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं आणि ऐकू येणारं यात फार अंतर असतं.

एकदा मी पोचलो तर सासूबाई अंगणातच ओरडत आल्या, "जावईबापू, जल्दी! ओठ निळे पडले!" मी गाडी बंदसुद्धा केली नाही. बायको पोरीला घेऊन मागं बसली आणि आम्ही उडालो. कसे पोचलो ते मला आठवत नाही. मधल्या सिग्नलना मी काय काय बोललो ते बायकोला आठवतं. डॉक्टरीणबाईंनी पोरीला घेतलं, बोटाला यंत्र लावलं, छाती ऐकली. मग अंगठ्यानं पोरीचा खालचा ओठ पुसला आणि अंगठा आम्हाला दाखवला.

"निळं नाही," त्या म्हणाल्या. "काळं आहे."

तीट. माय नेहमी सांगते, नजरबिजर काही नसतं, बाबासाहेबांनी ते सगळं सोडायला सांगितलं. पण तीट लावली की पोरगी गोड दिसते, म्हणून लावायची. लावली होती हनुवटीला, पोरीनं मूठ फिरवून ओठांवर नेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उगाच आलात असं समजू नका. पुढंही असंच पळत या." आणि मग त्या हसल्या, आणि आम्ही दोघं असे हसायला लागलो की बाहेर बसलेल्या लोकांना वाटलं असेल, यांना आत फुकटात तपासलं.

महिना संपला. वजनाच्या दिवशी परत चौघं रिक्षात. मायनं पोरीला काळं काही लावलं नव्हतं, नवं पांढरं झबलं तेवढं. आत गेल्यावर काट्यावर फडकं पसरलं, पोरीला उघडी करून ठेवली. गार लागलं म्हणून ती हातपाय झाडायला लागली आणि आकडे नाचायला लागले. थांबेनात. "ए बाई, गप पड गं," माय म्हणाली. "आज्याच्या गाण्याला सुद्धा तू असली नाचली नसतीस." पोरगी क्षणभर तिच्याकडं बघायला थांबली आणि आकडा स्थिर झाला.

डॉक्टरीणबाईंनी आधीचा आकडा बघितला, हा बघितला. परत आधीचा बघितला.

"छान वाढलंय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं त्याहून जास्त. ऑपरेशन नको."

सासूबाई दोन्ही हात जोडून एवढ्या मोठ्यानं "जय भीम!" म्हणाल्या की बाहेरचा कंपाउंडर आत डोकावला. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "जय भीम, आजी." मायनं पोरीला उचललं, तिच्या तळव्यांचे मुके घेतले आणि मग सासूबाईंच्या हातात देऊन म्हणाली, "घ्या. तुमच्याच खांद्यानं धरलं वजन तिनं." मी त्या खोलीत इतका खूश होतो की मला कुणावर चिडावं ते सुचेना.

पुढं बायको-पोरगी वाळूजला आमच्या दोन खोल्यांत आल्या. माय आलीच, तिला कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून यायच्या, कधी लोणचं, कधी मेथी. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. पोरगी पालथी पडली, रांगली, धरून उभी राहिली. मग आवाज हळूहळू उतरला. आधी खेळताना येईनासा झाला, मग दूध पिताना, पण झोपेत पाठीवर पडली की असायचाच. आमच्या कानाला त्याची सवय झाली. फ्रिज चालू असतो ना, तसा. तो ऐकू येतोय म्हणजे पोरगी आहे.

पोरीचा पहिला वाढदिवस होऊन गेला होता. मी पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आलो. दार नुसतं लोटलेलं. आत आलो आणि कुठंच काही ऐकू येईना.

मी दारातच थिजलो. पोरगी पलंगावर पाठीवर पडलेली, हात वर टाकलेले. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला माय, दोघीही न हलता तिच्याकडं बघत बसलेल्या. आणि आवाज नाही. माझ्या हातातला डबा खाली पडला. त्या एवढ्याशा वेळात मी काय काय बघितलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही आणि इथंही लिहिणार नाही.

बायकोनं मान वर केली. माझं तोंड बघून ती उठलीच. "अहो," ती कुजबुजली, "झोपलीय. नुसती झोपलीय."

मी जवळ गेलो. पोरीचं पोट वर जात होतं, खाली येत होतं. छाती सरळ वर, सरळ खाली. नाकातून हवा जात होती, ती सुद्धा कान नेला तेव्हा कळली. बाकीच्यांची पोरं झोपतात तशी ती झोपली होती.

"तासभर झाला," माय म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती. "एकदा पण नाय वाजली. सूर गेला तं गेला मेला. पोरगी राह्यली."

मला हुंदका आला. मोठ्यानं. एवढा मोठा माणूस, कारखान्यात ज्याच्या आवाजाला पोरं टरकतात, तो मी पलंगाच्या कडेला धरून ओक्साबोक्शी रडायला लागलो. मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

"ए, रडायचं तं भाईर जाऊन रड. पोरगी उठंल!"

मी तोंडावर हात दाबून बाहेर आलो. वर गच्चीकडं जाणाऱ्या जिन्याच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरून. त्यांनाही मायनं हाकललं होतं. मला बघून त्या भिंतीकडं सरकल्या आणि त्यांनी शेजारी जागा केली.